सुलूमावशी आणि दिवाळसणाची यादी

दिवाळीच्या खरेदीची यादी घेऊन सुलूमावशीकडे गेलं, की ती खर्चाचं नंतर बघायची. आधी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवायची आणि विचारायची, "ह्या माणसाशी शेवटचं काय बोललास?" आठवलं नाही तर नाव खोडायची. "मग भेट कशाला देतोस? फोन कर त्याला. चार शब्द बोललास, की काय द्यायचं ते आपोआप कळंल. नायतर बोलणंच पुरं होईल." तिच्या ओटीवर चढताना पंधरा नावांची असलेली यादी उतरताना पाच-सहा नावांची झालेली असायची. घाईघाईने घामाघूम होऊन आलेल्या बायका हलक्या होऊन जायच्या.

ती केळव्याची. भावाच्या घरी, सुपारीच्या वाडीत राहायची. लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं रोज सकाळच्या एसटीने पालघरला येऊन तिने एका साड्यांच्या दुकानात काम केलं. माझ्या आईचं माहेर तिच्याच आळीतलं, म्हणून ती मावशी. अंगाने किडकिडीत, आवाज घोगरा, आणि कापड चाचपायची सवय इतकी जडलेली, की समोर बसलेल्या माणसाच्या शर्टाची कड ती बोलता बोलता अंगठ्याने तपासायची. "उन्हात वाळवता काय रे? सावलीत वाळवा, रंग टिकंल."

दुकानातला तिचा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. बोईसरच्या कारखान्यातला एक मुलगा आईला पाठवायला साडी घ्यायला आला होता. "मौसी, एकदम बढ़िया दिखाओ," म्हणाला. मावशीने विचारलं, "माँ घर में क्या काम करती है?" चूल पेटवते, गाई बघते, असं त्याने सांगितलं. मावशीने चमचमणारी साडी बाजूला ठेवली आणि जाड सुती काढली, निम्म्याहून कमी किमतीची. "ये पहनेगी. वो पेटी में रखेगी." मालकाने गल्ल्यावरून डोळे वटारले. मावशीने तिकडे बघितलंही नाही.

तिचे नियम साधे होते. कपडे आषाढात घ्यायचे, दुकानं ओस असताना. माणशी एक नाही, घराला एक भेट. धनत्रयोदशीला बाजारात पाय ठेवायचा नाही. घरची सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, वाडीतली सुपारी, नारळाच्या करंज्या द्यायला कमीपणा मानायचा नाही. ती स्वतः सगळ्यांना सुकेळीच द्यायची, केळीच्या वाळक्या सोपटात बांधून. हे सगळं ती हसत हसत सांगायची. पण एका गोष्टीवर आली, की तिचा चेहरा बदलायचा.

"काउंटरवर उभं राहून मला एक कळलंय," ती म्हणायची. "कोण विचारतं, 'आवडंल ना?' तो हौसेनं घेतो. कोण विचारतं, 'चालंल ना?' तो भ्यालेला असतो. मुलीचे आईबाप असे यायचे दिवाळीत. साडी त्यांना दिसायचीच नाय. त्यांना दुसऱ्याच कोणाचं तोंड दिसत असायचं."

माझ्या बहिणीचं, वैशूचं लग्न वैशाखात झालं. बोईसरला दिलं. माणसं घाटावरची, नोकरीसाठी इकडे येऊन स्थायिक झालेली. जावई एका कारखान्यात सुपरवायझर, घरी सासू आणि धाकटा दीर. वडील आम्हाला नाहीत. मी पालघरला एका कचेरीत कारकून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वैशूच्या मोबाइलवरून दिवाळसणाची यादी आली. जावयाला घड्याळ आणि अंगठी, सासूबाईंना पैठणी, दिराला मोबाइल, सासूबाईंच्या दोन बहिणींना साड्या, शिवाय घरात मोठा टीव्ही. खाली लिहिलं होतं, 'दादा, सगळं वेळेत कर.'

आईने यादी वाचली आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. मी रविवारी केळव्याला गेलो. शनिवार-रविवारचे मुंबईकर गाड्या घेऊन समुद्राकडे चालले होते, मावशीच्या आळीपर्यंत त्यांच्या हॉर्नचा आवाज येत होता. मी ओटीवर बसलो, मोबाइल तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, "मावशी, यातलं स्वस्तात कुठे काय मिळेल ते सांग. पैठणीऐवजी साधी सेमी पैठणी घेतली तर चालेल ना त्यांना?"

मावशीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग चष्मा लावून यादी वाचली. पुन्हा वरून वाचली.

"वैशूशी शेवटचं काय बोललास?"

मी आठवू लागलो. गणपतीत ती आली होती, अर्ध्या दिवसापुरती. जाताना म्हणाली होती, 'भाऊ, आईच्या गोळ्या संपत आल्यात, विसरू नको.' त्यानंतर नुसते मेसेज. फोन केला की उचलत नसे, मग मेसेज येई, कामात आहे.

"ती तुला भाऊ म्हणते," मावशी म्हणाली. "जन्मापासनं भाऊच म्हणते. मग हितं दादा कोण लिवतं?"

मी तिथूनच वैशूला फोन लावला. दोनदा वाजला आणि कोणीतरी तोडला. आम्ही दोघंही मोबाइलकडे बघत राहिलो. मिनिटाभराने मेसेज आला. 'दादा, कामात आहे. यादीचं काय झालं?'

मावशीने तो वाचला, चष्मा काढला. "आनि यात पोरीच्या नावाचं काय हाय? सासूच्या भैनींना साड्या हायत. पोरीला नाय." ती उठली. "यातलं काय बी घ्यायचं नाय. मंगळवारी रजा टाक. आपण आधी बघून येऊ."

मंगळवारी दुपारी आम्ही बोईसरला उतरलो. हवेत कारखान्यांचा नेहमीचा तो आंबूस, घशाला लागणारा वास होता. तिथल्या लोकांना तो येत नाही, आम्हाला येतो. वैशूचं घर चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मावशीच्या पिशवीत सुकेळीचं एक सोपट आणि फिक्या निळ्या रंगाची एक सुती साडी, एवढंच होतं.

दार सासूने उघडलं. हसून या म्हणाली. जावई कामावर होता, दीर आतल्या खोलीच्या दारात मोबाइल बघत उभा होता. वैशू पाणी घेऊन आली. वाळली होती, पण अंगावर कुठे माराची खूण दिसत नव्हती. मी विचारलं, "कशी आहेस?" सासू म्हणाली, "मजेत आहे की." मी विचारलं, "फोन का उचलत नाहीस?" सासू म्हणाली, "तिचा फोन बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय." वैशू ट्रे धरून उभी होती. तिची नजर ट्रेवरून वर आलीच नाही.

मावशीने पिशवीतून साडी काढली आणि उठून वैशूच्या हातात दिली. "ही तुझी. यादीत सगळ्यांची नावं होती, तुझं नव्हतं. म्हणून तुझ्यासाठी आणली. घरासाठी सुकेळी हाय."

दिराने मोबाइलवरून डोळे वर केले. मग सासू पुन्हा हसली. "छान, छान. बाकीचं मागून येतंय ना?"

"बघू," मावशी म्हणाली.

चहा झाला, आम्ही निघालो. जिना उतरताना माझा जीव हलका झाला होता, हे मी आज लाजेने कबूल करतो. रस्त्यावर आल्यावर म्हणालो, "मावशी, तसं काही वाटत नाही. धड आहे ती. थोडी माणसं हावरट आहेत, एवढंच. काहीतरी थोडंफार देऊन टाकू."

मावशी रस्त्याच्या कडेला थांबली. शेजारून टँकर जात होते.

"माझी धाकटी भैन होती. मंदा. तारापूरकडं दिली होती," ती म्हणाली. मी हे नाव कधीच ऐकलं नव्हतं. "मी दुकानात नवीन लागले होते. तिच्या दिवाळसणाच्या साड्या मी निवडल्या, मी घड्या घातल्या, मी बांधून दिल्या. मला वाटलं, एवढं दिलं, आता मंदा सुखात. चैतात निरोप आला, विहिरीवर पाय घसरला म्हणून. तिच्या बाराव्याला गेलो आमी. सासू दारात उभी होती, माझ्या हातची घडी मोडून. मोरपंखी रंग, जरीचा काठ. मी निवडलेली साडी नेसून ती माझ्या भैनीच्या बाराव्याला उभी होती."

टँकर गेले. तिने पदर तोंडावर धरला होता, धुळीमुळे की कशामुळे, कळलं नाही.

"मंदा बी धडच दिसायची रे," ती म्हणाली. "चल. वर चल."

आम्ही परत फिरलो. खाली उतरून दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. दुसऱ्या मजल्यावर असतानाच वरून आवाज ऐकू आला. सासूचा. शब्द कळत नव्हते, पण मघाचा गोडवा त्यात नव्हता. मग काहीतरी आपटलं. मी धावत वर गेलो आणि दार ठोठावत राहिलो. दार उघडलं ते वैशूने. तिच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती. तिच्यामागे जमिनीवर ती निळी साडी पडली होती, तिच्यावर चपलेचा ठसा.

दीर पुढे आला. "आमच्या घरातलं आमी बघू. तुम्ही निघा."

मला काही सुचेना. मावशी मात्र मागून शांतपणे आली आणि उंबऱ्यावरच बसली, दार लावता येणार नाही अशी, पाय आत आणि पाठ चौकटीला.

"वैशू, चपला घाल," ती म्हणाली.

"सून आहे ती आमची," सासू ओरडली. "तिचा नवरा येऊ दे, मग बघू."

"त्याला काय बघायचंय ते पालघरला येऊन बघंल. वैशू, चपला घाल पोरी. दुसरं काय घेऊ नकोस."

शेजारचं दार उघडलं. एक बिहारकडची बाई पिठाच्या हाताने बाहेर आली, दिराकडे बघत मोठ्याने म्हणाली, "ले जाओ मौसी, ले जाओ. रोज का है इनका." समोरचंही दार उघडलं. दीर दोन पावलं मागे सरला. वैशू अंगावरच्या गाऊनवर ओढणी घेऊन, मावशीच्या खांद्याला धरून उंबऱ्याबाहेर आली. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात सासूची.

एसटीत वैशू खिडकीशी बसून झोपी गेली. इतकी गाढ, की पालघर आलं तरी उठेना. मावशी तिच्या शेजारी ताठ बसली होती. मी पुढच्या बाकावरून वळून तिचे आभार मानू लागलो, तर ती म्हणाली, "मला चांगलं म्हणू नकोस. एकच साडी मी मुद्दाम नेली. पोरीच्याच नावानं, सगळ्यांसमोर. आपण गेल्यावर काय होतं ते मला बघायचं होतं."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"आणि तू मला घेऊन खाली उतरलीस?"

तिने वैशूची घसरलेली ओढणी सारखी केली. मी तोंड फिरवलं. ज्या बाईने माझ्या बहिणीला सोडवून आणलं, तिच्यावर मी कितीतरी वर्षं रागावून होतो. आपण परत फिरलो नसतो तर, हा प्रश्न मला रात्रंदिवस छळायचा. मला जिना चढायला लावलं ते तिने, हे मी सोयीने विसरत होतो.

पुढे तक्रार, जबाब, कोर्टाच्या तारखा, सगळं झालं. ते वैशूने निभावलं. नवरा दोनदा पालघरला येऊन दारात उभा राहिला, एकदा रडत, एकदा धमकावत. तिसऱ्यांदा आला नाही. वैशूने नर्सिंगचा कोर्स केला, आता ती नोकरी करते. पण जिन्यात पावलं वाजली की ती अजून दाराकडे बघते, आणि पावलं पुढे जाईपर्यंत बोलत नाही.

मावशी ओटीवर बसतच राहिली. दिवाळी आली की लोक याद्या घेऊन येतच राहिले. त्या मंगळवारबद्दल ती कोणाशी बोलली नाही. आमच्या घरीही ती यायची, पण वैशूच्या डाव्या गालाच्या बाजूला कधी बसायची नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईच्या आलं.

गेल्या वर्षी नवरात्रात तिला पालघरला, वैशूच्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. वैशू ड्यूटी संपली की रोज तिच्याजवळ जाऊन बसायची, केस विंचरून द्यायची. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा मावशीने तिचा हात धरून ठेवला होता. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द सोडवून ती बोलत होती.

"वैशू. ती थप्पड माझ्यामुळं बसली तुला. मी मुद्दाम केलं. मला माफ कर."

मी दारातच थांबलो. इतकी वर्षं मी जे मनात धरून होतो, ते तिने तोंडाने सांगितलं होतं.

वैशूने तिचा हात सोडला नाही. "मावशी," ती म्हणाली, "थप्पड रोजचीच होती. तुमच्याआधी माझी आत्या येऊन गेली होती, माझ्या मैत्रिणी येऊन गेल्या होत्या. सगळ्यांनी चहा घेतला आणि उतरले. उतरून परत वर कोणी आलं नव्हतं."

मावशीने वैशूच्या ओढणीची कड अंगठ्याने चाचपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. वैशूचीच ड्यूटी होती.