सपाट उजेडासाठी पिवळी काच

बर्फावर घसरायला जाताना कुठल्या उजेडात कुठल्या रंगाची काच डोळ्यांवर असावी, या एका विषयात आमच्या समोरच्या काकांच्या तोडीचा माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडणार नाही, हे मी आमच्या या टॅला उपनगराच्या भर चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. आणि गंमत म्हणजे या गृहस्थांनी आयुष्यात कधी पायाला स्की बांधली नाही. बर्फ म्हणाल तर फ्रीजमधला, नाहीतर जानेवारीत गाडीच्या काचेवर साचतो तो, आणि तोही ते जुन्या बँक कार्डानं खरवडून काढायचे. "मला कशाला घसरायला हवंय? सत्तरीनंतर माणूस आपोआप घसरतो," म्हणायचे. पण शाळेच्या सुट्टीत पोरांना घेऊन तुम्ही डोंगरावर निघालात असं नुसतं कानावर आलं, की कापडी पिशवी घेऊन काका दारात हजर. पिशवीत गॉगल. उन्हाळ्यात लावतो ते नव्हेत. अर्धं तोंड झाकणारे, मागं रुंद इलॅस्टिकचा पट्टा असलेले, लावले की माणूस बेडकासारखा दिसतो ते.

मग उलटतपासणी सुरू. डोंगराची बाजू कुठली, पूर्वेची की उत्तरेची? सकाळी घसरणार की जेवणानंतर? झाडीतून की उघड्यावरून? आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाली माणसं. आम्हाला हॉटेलात नाश्ता मिळतो का, एवढंच ठाऊक. काका हताशपणे मान हलवायचे आणि एकेक गॉगल टेबलावर मांडायचे. लख्ख ऊन असेल तर काळपट करडा. ऊन-सावलीची पळापळ चालली असेल तर तांबूस. आणि ढग खाली उतरून आभाळ नि बर्फ एकाच चुन्यात बुडवल्यासारखे झाले, खड्डा कुठला, उंचवटा कुठला कळेनासं झालं, की पिवळा. याला ते सपाट उजेड म्हणायचे. "उन्हात काय, कुणालाही दिसतं. काचेची खरी परीक्षा सपाट उजेडात." पिवळा म्हणजे नुसता पिवळा नाही बरं का. हा हळदीचा, हा पिकल्या लिंबाचा, हा प्राजक्ताच्या देठाकडे झुकणारा. चाळीस वर्षं त्यांनी चिंचवडला रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्याचं काम केलेलं. डब्यात काळा रंग अर्धा थेंब जास्त पडला तर त्यांना लांबून कळायचं. गॉगल फुकट नेता यायचे, पण अट एकच. परत आल्यावर, कुठल्या उजेडात कुठल्या काचेतून काय दिसलं, ते कागदावर लिहून द्यायचं. माझ्या नवऱ्यानं एकदा "सगळं मस्त दिसलं" असं लिहून दिलं. काकांनी तो कागद परत आणून दिला. "मस्त हा रंग आहे का?" असं त्याला त्याच्याच घरात ऐकवून गेले.

हे सगळं खूळ माझ्याच घरात सुरू झालं, म्हणून मला हसायचा आणि रडायचा दोन्ही हक्क आहे. काका-काकू मुलाकडे राहायला आले तेव्हाच काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडलेला होता. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, आणि एकसारख्या रंगाच्या दोन गोष्टी शेजारी आल्या की एक व्हायच्या. पांढऱ्या ताटलीत भात दिसायचा नाही, पायरीची कड दिसायची नाही. औषधानं जेवढं थांबायचं तेवढं थांबलं, पुढचं आमच्या हातात नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. एका दुपारी काकू आमच्याकडे चहाला आल्या होत्या. माझ्या लेकीनं मस्करीत स्वतःचा बर्फावरचा पिवळा गॉगल त्यांना चढवला. नऊवारी नसली तरी चांगली इरकल साडी, कपाळाला टिकली, आणि वर हा बेडूक. आम्ही पोट धरून हसतोय तोवर काकू खाली बघत म्हणाल्या, "अगं, तुमचा उंबरठा दिसला मला." आमचं हसू जागच्या जागी थांबलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच. बर्फातला खड्डा जी काच दाखवते ती आपल्या बायकोला पायरी दाखवेल, हे त्या मिनिटाला त्यांच्या डोक्यात बसलं.

तेव्हापासून लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपांमध्ये काकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा बर्फावर जाऊन हाडं मोडून आलेले लोक गॉगल तिथेच आणून टाकतात. दुकानातली बाई काकांना लांबून बघूनच आत ओरडायची, "युअर मॅन विथ द गॉगल्स इज हिअर!" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा'. आमच्या सगळ्यांच्या सहलींचे रिपोर्ट त्यांना हवे असायचे ते यासाठी. आणि इथला उजेड म्हणजे काय सांगू! ऊन बघून दोरीवर कपडे घालावेत, तर शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिला शर्ट पुन्हा भिजलेला. त्यामुळे काकू पुढे आणि गळ्यात तीन गॉगल अडकवलेले काका मागे, अशी वरात रोज निघायची. ढग आला की "थांब!", काच बदल. ऊन आलं की "थांब!", पुन्हा बदल. बसस्टॉपवर एका म्हाताऱ्या आयरिश बाईनं, स्कीइंगला निघालात वाटतं, अशा कौतुकानं विचारलं, "ऑफ स्कीइंग, आर ये?" काकूंनी गॉगलमधून ताठ मानेनं उत्तर दिलं, "नो नो. ओन्ली भाजी."

काकूंना मात्र भाजीपेक्षा जिन्याचं पडलं होतं. इथल्या घरांत झोपायच्या खोल्या वर आणि स्वयंपाकघर खाली. मुलगा म्हणत होता, आई, खालच्या खोलीत पलंग टाकतो, कशाला ती चढउतार. तो काही वाईट म्हणत नव्हता. पण काकूंनी धसकाच घेतला होता. मला एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "खाली खाट टाकली ना, की माणूस संपलं गं. मग कुणी वर ने म्हणत नाही." सकाळी उठून, आवरून, स्वतःच्या पायांनी खाली यायचं आणि स्वतःचा चहा स्वतः टाकायचा, एवढं त्यांना हवं होतं. कुणी दंड धरला की उसळायच्या, "सोडा! मी काय विसर्जनाचा गणपती आहे, चौघांनी धरून उतरवायला?" तो जिना त्यांनी एकटीनं उतरावा, एवढ्यासाठी काका जगत होते म्हटलं तरी चालेल.

जिना पांढऱ्या ऑइलपेंटचा होता. काकांनी ठरवलं, प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळी पट्टी ओढायची. झालं! तीन आठवडे नुसती शेड जुळवत होते. आमच्या सगळ्यांच्या घरातले दह्याचे रिकामे डबे रंग कालवण्यात गेले. शेवटी हवा तो पिवळा सापडला. काकूंनी गॉगलशिवाय, नुसत्या डोळ्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "पायरी बोलावतेय मला." त्या आठवड्यात त्या रोज एकट्या उतरल्या. खाली पोचल्या की मला फोन करायच्या, "आले बरं का." कामाच्या मीटिंगमध्ये असले तरी मी तो फोन घ्यायचे. काका तर मिशी नव्हती म्हणूनच तिला पीळ देत नव्हते.

आणि मग ती नोव्हेंबरातली सकाळ. डोंगरावरचं धुकं थेट गल्लीत उतरलेलं, समोरचं घर दिसेना. घरात दिवा लावूनही सगळं फिकट. काका म्हणाले, आज सपाट उजेड आहे, नुसत्या डोळ्यांनी नको, पिवळा लाव. स्वतः त्यांच्या गॉगलचा पट्टा घट्ट केला आणि पुढे होऊन खाली जाऊन उभे राहिले. मुलगा-सून कामावर गेलेले. काकू वरच्या पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, "अहो, पट्टी दिसत नाही." काका खालून म्हणाले, "आहे गं. मी बघतोय ना! टाक पाऊल."

काका धुक्यातून माझं नाव घेत धावत आले, ते अगदी दाराशी पोचल्यावर मला खिडकीतून दिसले. पायात एकच चप्पल. मी पळत गेले तर काकू जिन्याच्या तळाशी वेड्यावाकड्या पडलेल्या. गॉगल डोळ्यांवर तसाच होता. तो मी माझ्या हातांनी काढला, अँब्युलन्सला फोन केला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना हॉस्पिटलात न्यायचा डबा घ्यायला मी समोर गेले, तर काका वरच्या पायरीवर बसलेले, डोळ्यांवर तोच पिवळा गॉगल. मला म्हणाले, "ये, बस. बघ यातून." मी लावला आणि खाली बघितलं. पांढरा जिना पिवळा झाला होता, आणि पिवळी पट्टी त्यात साफ गेली होती. एकही कड नाही. अख्खा जिना म्हणजे एक घसरगुंडी. दोन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर होते हो. फक्त एकत्र आल्यावर त्यांनी एकमेकांना खाल्लं. काका म्हणाले, "कारखान्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवतात माहितीय? पिवळ्या दिव्याखाली पिवळी शेड तपासायची नाही. चाळीस वर्षं मी हे शिकवलं. आणि ती सांगत होती मला, दिसत नाही म्हणून." मी डबा घेतला आणि आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो.

तिथं मुलगा काकूंना विचारत होता, आई, तो गॉगल लावला होतास का? आवाजात राग होता, आणि तो कुणावर होता ते कळायला डोळे लागत नव्हते. काकू शांतपणे म्हणाल्या, "छे! लावलाच नव्हता मी. कंटाळा केला. म्हणून तर पडले." काका पुढे सरकले, "अगं, मी स्वतः पट्टा..." तर त्यांना मध्येच तोडून, "तुम्हाला धांदलीत आठवत नाही. तुम्ही दिलात, मी काढून ठेवला. ऐकलं असतं तुमचं तर ही वेळ आली नसती." मी तोंड उघडणार, तेवढ्यात चादरीखालून काकूंनी माझ्या मनगटाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. दिसत नसताना बरोबर जागा कशी सापडली देव जाणे.

खालच्या खोलीत पलंग पडलाच. काकू एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत, तेच बघवत नव्हतं. मी रोज कामाआधी पाच मिनिटं जाऊन बसायचे. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे बघत गप्प असले, की काकू अंदाजानं तिकडे तोंड करून म्हणायच्या, "अहो, परत तेच चाललंय ना डोक्यात? लावला नव्हता म्हटलं ना मी." काका म्हणायचे, "हो. नव्हतास लावला." रोज. देवपूजेसारखं. कधीकधी मला वाटायचं, काकूंनी इतक्यांदा म्हटलंय की आता त्यांनाही ते खरं वाटत असेल. फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कफ भरला आणि पाच दिवसांत त्या गेल्या. इथल्या पद्धतीनं लोक घरी आले, हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणून गेले. काका प्रत्येकाला थँक्यू म्हणत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रडले. जिना पुन्हा पांढरा रंगवायला मुलानं माणूस बोलावला तेव्हा काकांनी विरोध केला नाही, फक्त तो दिवस आमच्याकडे बसून काढला. सहलीला निघालेल्यांच्या दारात ते आता जात नाहीत.

मार्चमध्ये एका रविवारी बेल वाजली. काका दारात उभे. चहा घेतला, माझ्या लेकीची चौकशी केली, गुडघ्यांची तक्रार केली, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर वळले. "एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी सगळ्यांत आधी तू पोचलीस. तिच्या डोळ्यांवर गॉगल होता का गं?"

मी म्हणाले, "नव्हता, काका. डोळे उघडेच होते."

काकांनी माझा चेहरा निरखून बघितला. हा माणूस रंगाच्या डब्यातला अर्धा थेंब ओळखणारा. माझं खोटं त्यांना ओळखू आलं नसेल, असं मला वाटत नाही. "हो ना," ते म्हणाले, "तीही तेच म्हणायची. आता म्हणायला कोणी नाही, म्हणून तुला विचारलं."

आता ते दर रविवारी येतात. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. जाताना दारात थांबून ते तेच विचारतात, आणि मी तेच सांगते.