सात नंबरची जर्सी
वीर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने काच पुसायला पिवळं फडकं काढलं, त्यावरचा सात आकडा मी ओळखला. जिल्ह्याच्या बास्केटबॉल लीगमध्ये आमचा महाडचा संघ एकच हंगाम टिकला आणि हरतच राहिला. शेवटच्या सामन्याला समोरचे आलेच नाहीत, पण विजय पदरात पडायला आमचे पाच जण मैदानात हवे होते आणि आम्ही होतो चौघं. आम्हाला सोडायला आलेल्या याच रिक्षावाल्याच्या अंगात कप्तानाने सात नंबरची जर्सी चढवली. तो म्हणाला, "मला खेळता नाय येत." "खेळायचं नाय, नुसतं उभं ऱ्हायचं." पंचांनी घड्याळ पाहून शिट्टी वाजवली आणि आम्ही जिंकलो. टाळ्या त्याने एकट्यानेच वाजवल्या. पुढे संघ मोडला. आज त्याने मला ओळखलं नाही. फडक्याची नीट घडी करत म्हणाला, "आमच्या टीमची हाय. आम्ही कधी हरलो नाय." मी हो म्हणालो.