दोष कोणी शोधला

अंधेरीच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात मशीन अडली की दुरुस्तीला बाहेरून एक इंजिनिअर बाई यायच्या. आम्ही त्यांना पॅनेलवाल्या मॅडम म्हणायचो. कंट्रोल पॅनेल उघडताना त्या पुटपुटायच्या, "बोल ना रे, कुठे दुखतंय?"

एकदा पॅकिंगची लाइन आठवडाभर मधेच थांबत होती. मशीन चालवणाऱ्या रंजनाताई चुकीचं बटण दाबतात, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं. ताईंना तिथून हलवणार होते. मी सुपरवायझर, पण गप्प बसलो.

मॅडमनी आल्या आल्या ताईंनाच विचारलं, "कधी थांबते?"

"शेजारची मोठी मोटर चालू झाली की. मी सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही."

मॅडमनी मागचं झाकण काढलं. मोटरची वायर आणि मशीनला सूचना पोचवणारी नेटवर्कची केबल एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. मोटर सुरू झाली की सूचना वाटेतच बिघडत होत्या. त्यांनी केबल लांबून फिरवली आणि लाइन संध्याकाळपर्यंत न थांबता चालली.

रिपोर्टमध्ये 'दोष कोणी शोधला' या रकान्यात मॅडमनी रंजनाताईंचं नाव लिहिलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी तो दोनदा वाचला, मग सही केली.

मॅडम हसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला फोन करायच्या आधी ताईंना विचारा."