दोरीला हात लावायचा नाही

भातं पिवळी पडू लागली की आम्ही तिघं रावस मासा धरायला जायचो. बेलापूरच्या खाडीतून होडी काढायची, जाता जाता चिंबोऱ्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, पिंजरे टाकायचे आणि मोठ्या पाण्यात गळ सोडून बसायचं. शाळा सुटल्यापासूनचा हा नेम. साठच्या दशकातल्या त्या वर्षी मात्र आमच्यातल्या होडीच्या मालकाचा उजवा हात चालत नव्हता. पावसाळ्यात अंगावरून वारं गेलं होतं.

निघताना धक्क्यावर तो आपल्या धाकट्या भावाला म्हणाला, "आज रावस मी एकटा वर घेनार. नाय जमला तर होडी तुजी. आन तुमी दोगं, माज्या दोरीला हात लावाचा नाय. घ्या शपथ."

घेतली. आमच्यातला तिसरा सरपंच झाला होता. त्याने शपथसुद्धा उपरणं सावरून, समोर सभा असल्यासारखी घेतली. मग वाटेत त्याने बोलता बोलता खाडीवर पूल बांधला. तो दर खेपेला बांधायचा.

"पुलावरनं रावस धरनार का रं?" मालकाने विचारलं.

"मोटारीने घरी येईल तुझा रावस!"

"मोटारीतला शिळा आसंल."

दुपारी दोरी ताणली गेली. डाव्या हाताने त्याने ती खेचली, गुडघ्याखाली दाबली, पुन्हा खेचली. गुडघा सरकायला लागला तेव्हा दातांत धरली. एकदा रावसाची रुपेरी कूस होडीच्या अगदी जवळ दिसली. मी माझे दोन्ही धडधाकट हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. शपथ पाळणाऱ्यांच्या थोरवीबद्दल बरंच वाचलं होतं. पाळताना हातांचं काय करायचं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"सांग ना त्याला, शपथ सोड म्हणून," सरपंच कुजबुजला.

"तू सांग."

दोरी दातांतून सुटली, ओठ कापून गेली. मग सैल पडली.

"प्रयत्न महत्त्वाचा..." सरपंचाने सुरुवात केली आणि थांबला. त्याचं अर्धवट राहिलेलं वाक्य मी प्रथमच ऐकलं.

परतताना पिंजरे आम्ही उचलले. चिंबोऱ्या भरपूर होत्या. एक निसटून सरपंचाच्या धोतराकडे निघाली.

"बांद रं तिला," मालक मला म्हणाला. "पाठीवर पाय ठेव. आता डेंगे." आजवर नांग्या बांधायचं हे काम त्याचं. मी बांधलेली सुतळी त्याने पाहिली आणि खाडीकडे तोंड केलं.

धक्क्यावर भाऊ उभा होता. "गावला?"

"अरे, एवढा मोठा..." सरपंच हात पसरू लागला.

"नाय गावला. होडी तुजी," मालक म्हणाला आणि डाव्या हाताने होडीची दोरी भावाकडे फेकली.

भावाने हात पुढे केलेच नाहीत. दोरी पाण्यात पडली.

"घे ना रं."

भाऊ मान खाली घालून उभा. शपथ गळाच्या दोरीची होती, ही होडीची. तरी आम्ही दोघं जागचे हललो नाही. ओहोटी लागली होती. होडी आम्हा तिघांना घेऊन हळूहळू धक्क्यापासून लांब जाऊ लागली.