डाव्या कौलाचा देव

कुवेतला निघण्यापूर्वी गावच्या रवळनाथाला कौल लावला. फूल डावीकडून पडलं, म्हणजे नकार. मी गुरवाशी भांडलो, पुन्हा लावायला लावलं, पुन्हा डावंच. तसाच तिरीमिरीत निघून आलो आणि तिथल्या अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जुन्या यंत्रांचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला. ज्याने मला नाही म्हटलं त्याच्यापुढे हात का जोडायचे? सुट्टीत गावी गेलो तरी देवळाची पायरी चढत नसे.

गेल्या वर्षी बल्गेरियात, डॅन्यूबकाठच्या रुसे शहरात, एका बंद कारखान्याची यंत्रं पाहायला गेलो. बायको सोबत होती. सकाळी तिने इन्सुलिन घेतलं आणि मी न्याहारीला जायचं सोडून नदीकाठीच दलालाशी फोनवर घासाघीस करत राहिलो. फोन ठेवून वळलो, तर बाकावर ती नाही. तिचा मोबाईल माझ्याच खिशात.

उपाशीपोटी इन्सुलिन म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. नदीवर दाट धुकं. हाका मारत धावलो. फुलं विकणाऱ्या एका म्हातारीला बायकोचा फोटो दाखवला. तिने मान आडवी हलवली. पुन्हा दाखवला, पुन्हा आडवीच. "अगो, नीट बघ तरी!" मी मराठीतच ओरडलो आणि पाठ फिरवली. तशी ती फुलं टाकून मागे आली, माझी बाही धरली आणि मान आडवी हलवत मला जवळच्या चर्चमध्ये ओढत घेऊन गेली.

आत बायको बसली होती. खांद्यावर म्हातारीची शाल, हातात गोड चहा.

"चक्कर आली तेव्हा या आजींनीच धरलं मला," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "अहो, यांच्याशीही भांडलात ना?"

त्या देशात होकार देताना मान आडवी हलवतात, हे हॉटेलात परतल्यावर कळलं. पण तिथे चर्चमध्ये, मेणबत्त्यांच्या उजेडात, माझे हात आपोआप जोडले गेले आणि तोंडून नाव आलं ते रवळनाथाचंच. इतकी वर्षं मी त्याच्यावर रुसलो होतो. तो माझ्यासोबतच होता.

यंदा दोघं गावी गेलो. देवळाची पायरी चढलो. गुरव हसला, "काय, कौल लावूचो मां?"

"नको," मी म्हटलं. "तो डावं देवो नाहीतर उजवं. आता मी भाव करणार नाही."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न मागता त्याच्यापुढे डोकं टेकवलं.