कालवं भाजली तो दिवस

इंदूबाई तायडे बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि खिडकीबाहेर बघत राहायच्या. बाहेर बघण्यासारखं तसं काही नसायचं. अकोल्याच्या जुन्या शहरातली अरुंद गल्ली, समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, आणि दोन घरांच्या फटीतून दिसणारं मोर्णा नदीचं थोडंसं पाणी. त्यांची भावजय ज्योत्स्ना मग गॅस बारीक करून नवऱ्याला म्हणायची, "ताई गेल्या पाहा समुद्रावर."

इंदूबाई मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. नर्स झाल्या आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती थेट देवगडकडच्या एका खाडीकाठच्या उपकेंद्रात. वडील म्हणाले होते, वर्षभरात बदली करून घे. ती त्यांनी कधी घेतलीच नाही. लग्नाचं दोनदा जमत आलं, आणि दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी नोकरी सोडायला सांगितली. इंदूबाईंनी नोकरी ठेवली. अख्खी चाकरी त्या खाडीवर झाली. निवृत्त झाल्यावर धाकटा भाऊ देवमन स्वतः न्यायला गेला आणि त्यांना अकोल्याला घेऊन आला. घर मोठं, माणसं प्रेमाची, कशाची उणीव नव्हती. तरी पहाटे अर्धवट झोपेत इंदूबाईंना वाटायचं, ओहोटी लागली आहे, आता खडक उघडे पडतील. मग रस्त्यावरून एखादी रिक्षा फटफटत जायची आणि खाडी विरून जायची.

यंदा आवडीची लेक पौर्णिमा अकोल्याला शेतकीचं पुढचं शिक्षण घ्यायला आली. आवडी म्हणजे इंदूबाईंची खाडीवरची मैत्रीण, आणि पौर्णिमा त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्या दिवशी आवडीला कळा सुरू झाल्या म्हणून तिचा नवरा भिवा तिला होडीतून पलीकडच्या दवाखान्यात नेत होता. इंदूबाई सोबत होत्या. मध्यावर ओहोटीने पाणी काढून घेतलं आणि होडी चिखलात बसली. भिवा कमरेएवढ्या चिखलात उतरून होडी ढकलत राहिला, पण ती हलेना. सूर्य एका बाजूला बुडत होता, दुसऱ्या बाजूला माडांमागून वाटोळा चंद्र वर येत होता, आणि त्या दोन उजेडांत पोर जन्मली. आई आणि बाळ दोघी सुखरूप. आता भरतीची वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. भिवाने जवळच्या खडकावरून कालवं काढली, होडीतली माडाची वाळकी चुडतं पेटवून त्यावर टाकली आणि उघडलेला पहिला शिंपला इंदूबाईंपुढे धरला. वऱ्हाडातल्या त्या बाईने समुद्राची चव घेतली ती अशी, हात धुऊन, बाळाकडे बघत.

आता तीच पौर्णिमा वसतिगृहात राहत होती आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. रविवारी मावशीकडे यायची, ताटातलं चिवडायची, फोनकडे बघायची. डिसेंबरात एकदा ती म्हणाली, "मावशी, मी परत जाते. मला इथे जमत नाही."

"काहून? कोणी काही बोललं?" ज्योत्स्नाने विचारलं.

"नाही मामी. सगळे चांगले आहेत." आणि ती रडायला लागली.

इंदूबाईंनी तिला जवळ घेतलं. काय करावं ते त्यांना लख्ख दिसलं, इतकं की त्यांनी तिला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी त्यांनी आवडीला फोन लावला. "कालवं पाठव. पोरीला घरची आठवण येते."

पलीकडे आवडी हसली. "धाडतंय बाई. पण पोरीसाठी गो, की तुझ्यासाठी?"

इंदूबाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आवडीच्या गावातले एक गृहस्थ मडगावहून नागपूरला जाणाऱ्या गाडीने मुलाकडे निघाले होते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कालवं बर्फाच्या खोक्यातून त्यांच्याबरोबर आली. देवमन स्टेशनवर जाऊन खोकं घेऊन आला. घरात गोणपाट सोडलं, तसा खाऱ्या चिखलाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. ज्योत्स्नाने पदर नाकाला लावला.

"ताई, हे तं गोटे होत! हे खातेत?"

"आत जीव असते."

"मोती निंघते का यातून?" देवमनने एक कालव कानाशी नेऊन हलवून पाहिलं.

"मोत्याची कालवं वेगळी, बाबू. ही खायाची."

ज्योत्स्नाने ती धुवायला बादलीभर पाणी आणलं. इंदूबाई जवळजवळ ओरडल्याच. "त्यात नोको टाकू वं! गोड्या पाण्यात मरतीन." मग त्यांनी मोरीत बसून एकेक कालव ब्रशने घासलं. चिखल निघाला तसे शिंपल्यांवरचे करडे, जांभळे पदर दिसू लागले. एखादा शिंपला थोडा उघडा असला की त्या त्याला बोटाने टकटक करायच्या. मिटला तर जिवंत. मिटला नाही तो बाजूला. किती वर्षांनी हे करत होतो आपण! अंगात हळूहळू काहीतरी जागं होत होतं. बोटांना एका शिंपल्याची धार लागली, रक्ताचा थेंब आला, त्याचंही त्यांना बरं वाटलं.

दुपार कलल्यावर पौर्णिमा आली. गच्चीवर विटा मांडून वर लोखंडी जाळी ठेवली होती. खाली देवमनने पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या भराभरा जळून गेल्या, तेव्हा त्याने बाभळीची लाकडं लावली आणि चांगले निखारे पडू दिले. इंदूबाईंनी कालवं जाळीवर लावली, खोलगट बाजू खाली, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक कालव सुस्कारलं. फट् करून एक कपची उडाली आणि ज्योत्स्ना "अगं माय!" म्हणत पाण्याच्या टाकीमागे गेली. मग एकामागून एक शिंपले तोंडं उघडू लागले, आतलं पाणी बुडबुडू लागलं, आणि धूर हिवाळ्याच्या मऊ उन्हात मोर्णेच्या दिशेने निघाला.

त्या धुरात इंदूबाईंना गच्ची दिसेनाशी झाली. पायाखाली चिखल होता, गार आणि मऊ. लांब कोणीतरी वल्हं मारत होतं. माड, खडक, खडकावर उघडी पडलेली कालवं, आणि सगळ्यावर ती तिन्हीसांजेची रुपेरी साय. कुणाची तरी हाक येत होती, "नर्सबाय! गो नर्सबाय!"

"मावशी, करपतंय."

पौर्णिमाचा आवाज होता. इंदूबाई दचकल्या, चिमट्याने शिंपला उचलला, सुरीने वरचं झाकण काढलं, लिंबू पिळलं आणि पोरीपुढे धरला. "घे. तुझं घर घे."

पौर्णिमाने शिंपल्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा कसनुसा झाला.

"मावशी, रागावू नका. मला कालवं आवडत नाहीत. लहानपणापासून. मला ओकारी येते."

मग देवमन खोखो हसत सुटला. इंदूबाईही हसल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्या तशाच विटेवर बसल्या. हातातलं कालव त्यांनी स्वतःच्याच तोंडात घातलं. गरम, खारं, थोडं धुरकट.

"मलेच पायजे होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या नावानं मीच मागवलं, माय."

पौर्णिमा त्यांच्याशेजारी बसली. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं तिकडे कशा राहिलात? सुरुवातीला?"

"रोज ठरवायची, उद्या जातो म्हणून," इंदूबाई म्हणाल्या. "वर्षभर रडली मी. तुह्या आजीनं एक दिवस इचारलं, भाकर कशी करतेस, दाखव. मी तिले ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करून दाखवली. मग ती रोज येऊन बसे. अशानंच झालं. दुसरं काही नाही केलं मी."

दरम्यान ज्योत्स्ना टाकीमागून बाहेर आली होती. तिने एक कालव उचललं, बाजूच्या वाटीतला हिरव्या मिरचीचा ठेचा त्यावर घातला आणि डोळे गच्च मिटून गिळलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने डोळे उघडले आणि दुसरं घेतलं. मग तिसरं.

"कसं लागून राहिलं वं?" देवमनने विचारलं.

"थांबा ना. सांगतो." पण तिने काही सांगितलं नाही. जाळीवरची कालवं संपेपर्यंत ती खातच राहिली. पौर्णिमाने तोवर ठेच्याची वाटी ओढून घेतली होती आणि कोरड्या भाकरीबरोबर ती जवळजवळ संपवली. नाक गळत होतं, तरी आणखी मागत होती. इंदूबाईंनी ते पाहिलं आणि खाली जाऊन आणखी दोन भाकरी थापल्या.

पौर्णिमा परत गेली नाही. पुढे ज्योत्स्ना तिला बेसनाच्या पातोड्यांची भाजी शिकवू लागली. पोरीने वसतिगृहातल्या मैत्रिणींना एकदा जेवायला आणलं, तेव्हा तर घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पौर्णिमा घरी निघाली, तेव्हा तिच्याबरोबर इंदूबाई आणि ज्योत्स्ना दोघीही गाडीत बसल्या. ज्योत्स्नाने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पनवेल मागे पडल्यावर ती खिडकीची जागा सोडायला तयार होईना. बोगदा यायचा, अंधार व्हायचा, पुन्हा हिरवा उजेड यायचा आणि ती इंदूबाईंचा हात दाबायची.

"आला का वं, ताई?"

"नाही अजून."

पौर्णिमा वरच्या बर्थवर गाढ झोपली होती. आणखी एक बोगदा गेला, एक नदी पुलाखालून चमकून गेली, आणि ज्योत्स्ना काचेला कपाळ टेकवून बसली.