मातीचा वाघ

धारवाडच्या सुभाष रोडवरचं मुकुंदराव वेर्णेकरांचं चांदीकामाचं दुकान म्हणजे दोन गिऱ्हाइकं बसली की भरलं. जोडवी, करदोटे, देवांचे टाक, ताईतांच्या पेट्या असली बारीक कामं ते अडतीस वर्षं करत आले होते. आपल्या हातून जिन्नस कधी बिघडला नाही, हे ते गिऱ्हाइकाला स्वतःच ऐकवत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अळणावरकडचा नागोजी त्यांच्याकडे आला. जंगलखात्यात तो रोजंदारीवर राखणदार होता. पन्नाशीचा, हडकुळा, बोलताना समोरच्याच्या पायांकडं बघणारा. त्याचा मुलगा रवी बँकॉकच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्यानं तिकडच्या मठातून बापासाठी मंतरलेला वाघ पाठवला होता. सुपारीहून थोडा मोठा, माती आणि फुलांची राख दाबून केलेला, जबडा उघडून बसलेला, पाठीवर परकी बारीक अक्षरं.

"तिकडं पोलीसलोक गळ्यात घालतात म्हणे," नागोजी म्हणाला. "शब्दाला वजन येतं. आणि अंगावर वार आला तर वाघ मधे पडतो. अण्णा, रानात माझं कोण ऐकत नाही. लाकूडचोर माझ्यासमोर बिडी पेटवतात. ह्याला चांदीची पेटी करून द्या, पुढनं काच लावा. कच्च्या मातीचा आहे, तेवढं जपा."

"ते मला सांगू नको," मुकुंदराव म्हणाले.

पेटी झाली. वाघ आत बसला, कडा दाबून झाल्या, आणि मग मुकुंदरावांच्या ध्यानात आलं की दोरा ओवायची वरची कडी लावायची राहिली आहे. वाघ बाहेर काढून कडी झाळायला, आचेवर सांधायला हवी होती. पण कडा पुन्हा उकलायचा त्यांना कंटाळा आला. एकदाच तर आच द्यायची, म्हणून त्यांनी तशीच ज्योत धरली. आत टच् असा आवाज झाला. उघडून बघतात तर वाघाचे तीन तुकडे, आणि पाठीवरच्या अक्षरांची भुकटी.

नागोजी दुसऱ्या दिवशी येणार होता. मुकुंदरावांनी तुकडे जुळवून मेणात ठसा घेतला, शाडूत लाख मिसळून दुसरा वाघ पाडला आणि चहाच्या पाण्यानं त्याला रंग दिला. पेटीची पाठ चांदीची होती, तेव्हा अक्षरांचा प्रश्न नव्हता. भंगलेली मूर्ती सोडावी तसे ते तुकडे त्यांनी केलगेरीच्या तळ्यात सोडले. नागोजीनं पेटी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली, तेव्हा ते काउंटर पुसत राहिले.

संक्रांतीला नागोजी तिळगूळ घेऊन आला, तो सरळ डोळ्यांत बघून बोलायला लागला. लाकूडचोरांची टोळी त्यानं दोनदा परतवली होती. "नुसतं निल्ल्री म्हणालो, थांबा, तर थांबले की! माझाच आवाज मला ओळखू येईना." मुकुंदरावांनी त्याला चहा पाजला. आता सांगून त्याचं बळ कशाला काढून घ्यायचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे त्यांना सांगायची लाज वाटत होती.

होळीनंतर नागोजीची बायको शेवंता दुकानात आली. पेटीची काच फुटली होती. टोळी तिसऱ्यांदा आली तेव्हा नागोजी एकटाच त्यांच्या आडवा गेला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांनी त्याचा उजवा खांदा मोडला.

"पूर्वी असतं तर हे लांबनं शिट्टी मारून पळाले असते," शेवंता म्हणाली. "पण वाघ होता म्हणून जिवावरचं खांद्यावर निभावलं. काच तेवढी बदला, अण्णा. त्यांना त्याच्याशिवाय झोप लागत नाही."

मुकुंदरावांनी काच बदलली, पण पेटी तिच्या हातात दिली नाही. "उद्या मीच घेऊन येतो," म्हणाले. बायकोलाही काही न सांगता सकाळच्या बसनं ते अळणावरला गेले आणि तिथून गावापर्यंत चालत.

नागोजी पडवीत खाटेवर बसला होता. खांद्यापासून प्लास्टर. मुकुंदराव खाली घोंगडीवर बसले, पेटी समोर ठेवली आणि आपण काय केलं ते सगळं सांगितलं. कंटाळा केला, हेही सांगितलं.

नागोजीनं पेटी उचलून काचेतून आत बघितलं. मग त्यानं विचारलं, "खरा कुठं आहे?"

"तळ्यात सोडला."

"म्हणजे त्या दिवशी त्यांच्यासमोर मी एकटाच उभा होतो."

"एकटाच उभा राहिलास. आधी दोनदाही तूच परतवलंस. तो आवाज तुझाच होता, नागोजी." हे वाक्य मुकुंदरावांनी बसमध्ये घोकून ठेवलं होतं. त्यावर नागोजी ताठ होईल, अशी त्यांना आशा होती. नागोजीनं डाव्या हातानं चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

शेवंता चहा घेऊन दारात थांबली होती. तिनं कप खाली ठेवला नाही. "अण्णा, सांगायचं होतं तर दिवाळीला सांगायचं," ती म्हणाली. "आज कुणासाठी आलात? ह्यांच्यासाठी, का स्वतःचं मन हलकं करायला?"

औषधपाण्यासाठी आणलेलं पाकीट मुकुंदरावांनी खिशातच ठेवलं. ते पुढं करायची त्यांना हिंमत झाली नाही.

खांदा जुळल्यावर नागोजीनं साहेबांना सांगून रोपवाटिकेचं काम मागून घेतलं. आता तो पिशव्यांत माती भरतो, सागवानाच्या रोपांना पाणी घालतो. रानात दुसरा राखणदार जातो. रवीनं नवा वाघ पाठवतो म्हटलं, तर नको म्हणाला. मुकुंदरावांना हे अळणावरच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

यंदा पंचमीच्या बाजारात सुभाष रोडवर दोघांची समोरासमोर गाठ पडली. "बरं आहे ना, अण्णा?" नागोजीनं विचारलं. तो त्यांच्या चपलांकडं बघत होता. हात वर होतो का, हे मुकुंदरावांना विचारायचं होतं. तेवढ्यात मागून रिक्षा आली, नागोजी बाजूला झाला आणि गर्दीतून पुढं निघून गेला. मुकुंदराव दुकानात येऊन बसले. गिऱ्हाईक करदोटा दाखवत काहीतरी विचारत होतं, ते त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.